बुलिक रत्मींची बारा मिनिटं

पहाटे साडेचारला उठलं की माणसाचं आयुष्य बदलतं, हा शोध प्रामुद्याला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी लागला. जावामधल्या सालातिगात ज्या गल्लीत तो राहत होता, तिथला मशिदीचा भोंगा गेली तीस वर्षं सगळ्यांना त्याच्याही आधी उठवत होता. समोरची सोयाबीनचं टेम्पे विकणारी बाई तर भोंग्याच्याही आधी उठायची, आणि तिचं आयुष्य काही बदललेलं नव्हतं. पण प्रामने ही बातमी बायकोला अशी दिली, जणू पहाट त्यानेच शोधून काढली होती.

वेनिंग ब्लाउज शिवत होती. यंत्रावरून मान वर न करता तिनं विचारलं, "मग आत्तापर्यंत तुम्ही कधी उठत होता?"

"साडेचारलाच. पण तेव्हा मी नुसता उठत होतो. आता मी हेतू ठेवून उठतो."

हे सगळं कोच रांदीकडून आलेलं होतं. कोच रांदी सुराबायाहून फोनवर शिकवायचा. गालाशी माइक लावून, बाह्या दुमडून तो लोकांना सांगायचा की तुमच्याकडे वेळ कमी नाही, पद्धत कमी आहे. प्राम एका खाजगी कॉलेजच्या नोंदणी विभागात कामाला होता. अर्जावर शिक्का मारणं आणि शिक्का मारलेला अर्ज दुसऱ्या ट्रेमध्ये ठेवणं, एवढं त्याचं काम. त्यात पद्धत आणायला जागा थोडी होती, म्हणून तो ती घरी आणायचा.

आधी टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ आलं. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती. भांडी विसळताना घंटा वाजली तर तो साबणाच्या हातांनी खुर्चीवर जाऊन बसायचा आणि कढई तशीच राहायची. मग फ्रिजवर पिवळ्या चिठ्ठ्या आल्या. तीन रांगा: करायचं, करतोय, झालं. दोन महिन्यांत 'झालं'च्या रांगेत एकच चिठ्ठी गेली. तिच्यावर लिहिलं होतं, 'चिठ्ठ्या विकत आणणे.'

वेनिंगला त्याचा राग यायचा असं नाही. माणूस सरळ होता, सिगरेट ओढत नव्हता, ओरडत नव्हता. फक्त हा वाचवलेला वेळ शेवटी जातो कुठं, हे तिला कधी कळलं नाही. बहुधा पुढची पद्धत शिकण्यात जात असावा.

यंदा लेबारानची ईद जवळ आली तसं त्याच्या डोक्यात नवीन शिरलं. प्रामचे वडील जाऊन तिसरं वर्ष चालू होतं, आई त्याआधीच गेलेली. भाऊबंदांची अकरा घरं. दर ईदला प्रत्येक घरी जायचं, थोरांच्या गुडघ्यांवर डोकं टेकून वर्षभराच्या चुकांची माफी मागायची, मग कोंबडीचं नारळी ओपोर आणि पानात उकडलेल्या भाताचे केतुपात खायचे, मग बसायचं. या बसण्याला काही हिशेब नव्हता. सहा दिवस त्यातच जायचे.

"एका दिवसात होतं," प्राम म्हणाला. "मी नकाशा काढलाय. माफी मागायला किती वेळ लागतो? दोन मिनिटं. बाकीचं सगळं पाणी आहे, पाणी."

वेनिंग तेव्हा चुलीपाशी शेंगदाण्याच्या चकत्या तळत होती. तो लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसला आणि एकेक नाव वाचू लागला.

"बुदे सुतार्मी."

बुदे म्हणजे प्रामची सगळ्यात थोरली आत्या. भावंडांत पहिली, आणि अजून शेवटचा शब्द तिचाच.

"त्यांना अर्धा तास तरी हवाच," वेनिंग म्हणाली. "आणि त्यांचे अननसाचे नानकटे चहात बुडवल्याशिवाय तोंडात टाकू नका. मागच्या वर्षी माझी दाढ हलली."

"पाकदे कार्सोनो."

हे थोरले काका. "पंधरा मिनिटं. टीव्हीपासून लांब बसायचं, आणि ज्वालामुखीचं नाव काढायचं नाही. गालुंगगुंगच्या राखेत अडकलेली त्यांची बस अजून बाहेर निघालेली नाही."

"बुलिक रत्मी."

धाकटी आत्या. इथं वेनिंग झारा हातात धरून हसायलाच लागली. "गुडघा विचारायचा नाही. त्या गुडघ्याला एकदा तोंड फुटलं की तिसऱ्या प्रहरची असरची बांग झाल्याशिवाय मिटत नाही."

प्राम हसला नाही, त्याची बोटं टकटक चालू होती. वेनिंगला वाटलं, मिनिटं लिहीत असेल. ती आणखी रंगात आली. अकरा घरांपैकी एकही घर तिनं कोरडं सोडलं नाही. अठरा वर्षं त्या घरांच्या सतरंज्यांवर मांडी घालून, पाय बधिर होईपर्यंत हसतमुखानं बसलेली बाई होती ती. तिला बोलायला खूप होतं आणि ऐकणारा पहिल्यांदाच मन लावून ऐकत होता.

तक्ता तयार झाला तो खरोखर देखणा होता. घर, रस्ता, पोचण्याची वेळ, निघण्याची वेळ, श्रेणी. बुदेंना अ आणि पस्तीस मिनिटं. पाकदेंना ब आणि पंधरा. बुलिक रत्मींना क आणि बारा. ईदच्या आदल्या दुपारी प्रामने तो घराण्याच्या ग्रुपवर पाठवून दिला, खाली दोन जोडलेले हात टाकून: 'आमच्यामुळे कुणाचा खोळंबा होऊ नये म्हणून.'

ग्रुपवर सदतीस माणसं होती. एकानेही उत्तर दिलं नाही. प्राम म्हणाला, मौन म्हणजे संमती.

ईदची नमाज आटोपून ती दोघं बरोबर नऊला तेंगारानला बुदेंच्या दारात उभी होती. बुदे सुतार्मी व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत तयार बसलेल्या होत्या. प्रामने गुडघ्यांवर येऊन त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं, माफी मागितली. त्यांनी त्याच्या केसांवर हात ठेवला. सगळं नेहमीसारखं होतं. चहा मात्र आधीच ओतलेला होता, आणि नानकट्यांची बरणी वेनिंगच्या अगदी पुढ्यात होती.

"घे पोरी," बुदे म्हणाल्या. "चहा मुद्दाम कडकडीत ठेवलाय. बुडवायला बरा."

वेनिंगचा हात बरणीच्या झाकणावरच थांबला. तिनं बुदेंकडे पाहिलं. बुदेंच्या चेहऱ्यावर सणाच्या दिवशी असावं तेवढंच हसू होतं, ना कमी ना जास्त. वेनिंगने नानकटा कोरडाच खाल्ला. दाढेतून कळ गेली ती तिनं गिळली.

नऊ पस्तीसला बुदे स्वतःच उठल्या. "निघा बाळा. पुढची माणसं वाट बघत असतील."

गाडीत बसताना प्राम फुलून आला होता. "बघितलंस? मला बोलावंही लागलं नाही. लोकांना शिस्त हवीच असते, कुणीतरी सुरुवात करायला लागते."

पाकदे कार्सोनोंच्या घरी टीव्ही बंद होता. नुसता बंद नव्हता, त्याच्यावर टेबलाचं कापड घातलेलं होतं, आणि दोन खुर्च्या त्याच्यापासून लांब, पार दारापाशी मांडलेल्या होत्या. चाळीस वर्षं पाहुणा दिसला की राखेची गोष्ट सुरू करणारा हा माणूस पंधरा मिनिटं मिरचीच्या रोपांवर बोलला. मध्येच तो आपल्या हातांकडे बघत बसायचा, तेव्हा वेनिंगला बुदेंचा चहा आठवायचा.

आम्पेलला बुलिक रत्मींच्या घरी पोचले तेव्हा तिची खात्रीच पटली. बुलिक सोफ्यावर बसल्या होत्या आणि त्यांचा उजवा पाय स्टुलावर होता. गुडघ्याला ही जाड पट्टी. खोलीभर कापराच्या तेलाचा वास. आणि बुलिक, ज्या मुंगी चावली तरी तिचं कूळ सांगत बसायच्या, त्या या पट्टीबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. भातपीक कसं आलंय ते सांगितलं. कॉलेज कसं चाललंय विचारलं. वेनिंगच्या ओठांवर दोनदा प्रश्न आला, दोन्ही वेळा प्रामने पायाने तिचा पाय दाबला. बाराव्या मिनिटाला बुलिकनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि गोड आवाजात म्हणाल्या, "या हं मग."

गाडी मुख्य रस्त्याला लागायच्या आत वेनिंगने फोन काढला आणि ग्रुपवरची ती फाइल उघडली.

"याला दुसरं पान आहे," ती म्हणाली.

"हो, शेऱ्यांचं. ते आपल्यासाठी आहे."

"ते सगळ्यांना गेलंय."

प्रामने दोन ट्रक पुढे जाऊ दिले. मग म्हणाला, "फाइल एकच ना शेवटी. पण दुसरं पान कोण उघडतं? मी रोज बघतो कॉलेजात. अर्जाच्या मागची बाजू कुणी बघतसुद्धा नाही."

वेनिंग वाचत होती. घर क्रमांक एक: नानकटे दगड, चहात बुडवावेत. घर क्रमांक चार: ज्वालामुखी टाळणे, बस अद्याप राखेत. घर क्रमांक पाच: गुडघ्याला तोंड फुटू देऊ नये. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. जन्मात या माणसाने तिचं बोलणं इतकं नीट ऐकलं नव्हतं.

"हे तुम्ही लिहून का घेतलंत?"

"माहिती होती. माहिती वाया घालवू नये." त्याने गिअर बदलला. "आणि कुणी काही बोललं का? नाही ना? म्हणजे कुणाला काही वाटलेलं नाही."

चव्वेचाळीस वर्षं जावामध्ये काढलेल्या माणसाने हे वाक्य बोलावं, याचं वेनिंगला हसूही येईना आणि रडूही येईना. इथं ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणजे साधा शिष्टाचार. ज्या दिवशी तुमच्यावर कुणी ओरडत नाही, त्या दिवशी समजावं की काहीतरी फार बिघडलंय.

उरलेली घरं त्यांनी ठरल्या वेळेत केली. चार चाळीसला, म्हणजे दहा मिनिटं आधीच, ती दोघं घरी पोचली. वाचलेल्या पाच दिवसांपैकी दोन दिवस प्राम झोपला, एक दिवस त्याने चिठ्ठ्यांचा रंग बदलला आणि उरलेले दोन दिवस कंटाळा येतो म्हणून तो कॉलेजात जाऊन बसला. कॉलेजला सुट्टी होती. एरवी ईदनंतर आठव्या दिवशी केतुपात घेऊन घराकडे लोकांची रीघ लागायची. यंदा फाटकाची कडीसुद्धा वाजली नाही.

"शांत वाटतं, नाही?" प्राम म्हणाला.

खरी गोष्ट तीन आठवड्यांनी उभी राहिली. प्रामच्या वडिलांचा हजारावा दिवस शनिवारी येत होता. हा दिवस म्हणजे मेलेल्या माणसाचा शेवटचा निरोप. त्यानंतर त्याच्या नावानं पुन्हा जेवण घालायचं नसतं. असरनंतर प्रार्थना, आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती बांबूची डबी. एकशे वीस डब्या. भात, मांस, शेवया, आणि त्यात तांदळाच्या पिठाचं गोल आपेम असलंच पाहिजे. त्याशिवाय त्या डबीला अर्थ नाही. घराण्यात आपेमच्या पिठाला पहिला हात थोरल्या आत्याचा, मांसाच्या मसाल्याला धाकट्या आत्याचा. शेजारणी चिरायला, निवडायला, धुवायला येतात. पण थोरलीने हात लावल्याखेरीज त्यांच्यातली कुणी पातेल्याला शिवत नाही.

प्रामने याचाही तक्ता केला होता. अकरा घरच्या अकरा बायका, प्रत्येकीचे तास, प्रत्येकीचं काम.

गुरुवारी सकाळी सगळ्या आल्या. एकही चुकली नाही. बुलिक रत्मी नऊला आल्या, लंगडत ओट्यापर्यंत गेल्या, सतरंजीवर बसल्या आणि छोटे कांदे सोलू लागल्या. मान खाली, हात चालू. नऊ वाजून बारा मिनिटांनी त्यांनी सुरी पुसून ठेवली, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि वेनिंगच्या गालाला गाल लावून म्हणाल्या, "बरंय पोरी. वेळ झाली." सोललेले कांदे वेनिंगने नंतर मोजले. एकोणीस होते.

त्यांच्यामागून एक चुलतसून आली, दहा मिनिटं केळीची पानं पुसून गेली. दुसरी आली, तिनं शेवयांचं पाकीट उघडलं आणि तिची वेळ संपली. बुदे सुतार्मी दोन गाड्या बदलून तेंगारानहून आल्या, बाहेरच्या खोलीत पस्तीस मिनिटं बसल्या, भावाच्या फोटोपुढे प्रार्थना म्हटली आणि निघाल्या. स्वयंपाकघराच्या दिशेला त्यांनी पाहिलंही नाही. सगळ्या हसतमुख, सगळ्या गोड. बोट ठेवायला कुठं जागा नाही. अकरापर्यंत स्वयंपाकघरात फक्त शेजारणी उरल्या, हात मांडीवर ठेवून एकमेकींकडे न बघता बसलेल्या.

संध्याकाळी प्रामने आकडेमोड केली. "एकूण तीन तास दहा मिनिटं मदत झाली. कागदावर बघितलं तर तितकं वाईट नाही."

"कागद शिजवून डबीत भरू का?" वेनिंग म्हणाली.

"मग बाहेरून मागवू. एक फोन."

वेनिंगने त्याच्या हातातला फोन काढून घेतला. बापाच्या हजाराव्या दिवसाचं आपेम पोराने विकत आणलं, हे वाक्य त्यांच्या दोघांच्या मरणानंतरही तेंगारान ते बोयोलालीपर्यंत चालत राहिलं असतं.

शुक्रवारी सकाळी सात वाजता ती एकटीच स्कूटर काढून बुदेंकडे गेली. बुदे मागच्या अंगणात वाळवलेल्या शेंगा फोडत होत्या. वेनिंगने काही न बोलता दुसरं सूप ओढलं आणि समोर बसली. बुदेंनीही का आलीस विचारलं नाही.

आठ वाजले, नऊ वाजले. शेजारच्या जावयाने विकलेल्या म्हशीचा विषय झाला. कोंबड्यांना लागलेल्या रोगाचा झाला. बुदेंनी तीच म्हैस पुन्हा एकदा विकली, वेनिंगने पुन्हा तितक्याच नवलानं ऐकलं. पाय बधिर झाले, मग बधिरपणाही जाणवेनासा झाला. तिला आठवलं, उद्यासाठी अजून नारळ फुटायचे होते, तांदूळ भिजायचा होता. ती शेंगा फोडत राहिली. दुपारी बुदेंनी भात आणि मिरचीत परतलेली पपईची पानं वाढली. पानं कडूजहर होती. वेनिंगने दुसऱ्यांदा मागून घेतली.

हात धुताना बुदे म्हणाल्या, "ते गुडघ्याचं वाक्य प्रामचं नव्हे."

वेनिंगने तांब्या खाली ठेवला. "नाही. माझं आहे."

"नानकट्यांचं?"

"तेही."

"बस राखेत अडकल्याचं?"

"सगळंच माझं आहे, बुदे. त्यांनी फक्त मिनिटं घातली."

"मला वाचताक्षणी कळलं. प्रामला इतकं सुचत असतं तर तो कॉलेजात शिक्के मारत बसला नसता." बुदेंनी पदराच्या टोकाला हात पुसले. "आणि खोटं काही नव्हतं त्यात. खोटं असतं तर आम्ही हसून सोडून दिलं असतं."

वेनिंगने खरकटी ताटं एकावर एक रचली.

"रत्मीच्या गुडघ्याला तोंड आहे, हे आम्हीही म्हणतो," बुदे पुढे म्हणाल्या. "तीस वर्षं म्हणतोय. पण रत्मी उठून गेल्यावर. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल बोलायचं, ही रीत आहे. तुझ्या नवऱ्याने ते लिहून तिच्या हातात दिलं."

"मी जाऊन पाया पडते त्यांच्या."

"पाया पडून तिला आणखी लाजवू नकोस. उद्या पहाटे मी येते, तिलाही घेऊन येते. तू तिचा गुडघा विचार. मनापासून विचार, आणि मध्ये उठू नकोस. कार्सोनो नारळ खवायला येईल. त्याच्याजवळ प्रामला बसव."

"किती वेळ?"

प्रश्न तोंडातून गेल्यावर वेनिंगने जीभ चावली. बुदेंनी तिच्याकडे असं बघितलं, जसं आपण दुधात पडलेल्या माशीकडे बघतो.

"नारळ संपेपर्यंत," त्या म्हणाल्या.

शनिवारी फटफटायच्या आत घर भरलं. बुदेंनी पिठात हात घातला आणि शेजारणींनी एकाच वेळी श्वास सोडला. तासाभरात स्वयंपाकघरात धूर, वाफ, विळ्यांचे आवाज, कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. वेनिंग मसाला वाटणाऱ्या बुलिक रत्मींच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "बुलिक, गुडघा कसा आहे?"

बुलिकनी वाटण थांबवलं. तिच्याकडे तिरक्या नजरेनं पाहिलं, खरंच विचारतेय की काय याचा अंदाज घेतला. मग गुडघा सुरू झाला. तो न्हाणीघरातल्या घसरण्यापासून निघाला, सोलोच्या डॉक्टरकडे गेला, तिथून एका मालिशवाल्याकडे, मालिशवाल्याच्या दुसऱ्या बायकोकडे, आणि पुन्हा न्हाणीघरात आला. वेनिंग ऐकत होती. मसाला मात्र असा झाला होता की वासानेच भूक लागावी.

तिसरं वाटण झाल्यावर बुलिकनी आवाज खाली आणला. "एक सांगू? कुणाला बोलू नकोस. यंदाच्या ईदइतकी शांत ईद मी कधी बघितली नाही. तुम्ही गेलात ना, मग मी पुढच्या सगळ्या पाहुण्यांना बारा मिनिटांतच उठवलं. म्हटलं, प्रामच्या तक्त्यात तसंच आहे, मी काय करू. दुपारी दोन तास झोपले. लग्न झाल्यापासून ईदच्या दिवशी माझी पाठ जमिनीला लागली नव्हती."

"मग रागावलात कशाला?"

"रागवायलाच हवं होतं," बुलिक म्हणाल्या आणि पुन्हा गुडघ्याकडे वळल्या.

मागच्या पडवीत प्राम पाकदे कार्सोनोंच्या समोर खवणीवर बसला होता. शंभराच्या वर नारळ होते. पाकदेंनी पहिल्या नारळालाच बस काढली. प्रामने चेहरा शक्य तितका हुशार ठेवला. पाचव्या नारळाला राख पडू लागली. बाराव्याला दिवसाढवळ्या अंधार झाला आणि ड्रायव्हर पळून गेला. विसाव्या नारळाच्या सुमारास वेनिंग चहा घेऊन आली, तेव्हा बसमध्ये कुणाचं तरी तान्हं मूल रडत होतं.

"आईचं दूध आटलेलं," पाकदे सांगत होते. "राखेने सगळ्यांचे घसे बसलेले. तुझ्या बापाच्या मांडीवर दुधाच्या पावडरचा डबा. बांडुंगहून आणलेला, तुझ्यासाठी. तू तीन महिन्यांचा होतास. तो कुणाला डब्याला हात लावू देत नव्हता, झोपताना उशाला घ्यायचा. तोच त्याने दातांनी फोडला. दोन दिवस त्या पोराला पाजलं. घरी आला तो रिकामा डबा घेऊन. तुझी आई आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही."

प्रामची खवणी थांबली होती. "मला हे कधी कुणी सांगितलं नाही."

"मी सांगतच होतो की. दर ईदला. तूच राख पडायच्या आत उठून जायचास."

 प्रामने पुढची वाटी उचलली आणि खवू लागला, आणि मध्येच बाहीने डोळे पुसले. नारळाने डोळ्यांत पाणी येत नाही, आणि कांदे चिरणाऱ्या बायका घराच्या पार दुसऱ्या टोकाला होत्या. वेनिंग चहा ठेवून मागे फिरली. तिला त्याची थट्टा करावीशी वाटली नाही, हे तिचं तिलाच नवल वाटलं.

असरनंतर प्रार्थना झाली, एकशे वीस डब्या गेल्या, चार कमीच पडल्या. आपेमं मऊ झाली होती. लोक जाताना प्रामचा हात दोन्ही हातांत धरून म्हणत होते की दिवस बापाला शोभेसा झाला. पुढच्याच सोमवारी त्याने फ्रिजवरच्या सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. वेनिंगला क्षणभर आशा वाटली. पण कोच रांदीचा नवा वर्ग सुरू झाला होता, नात्यांची जोपासना, आठ पायऱ्यांत. प्रामने आगाऊ नाव नोंदवलं आणि कोचला पडवीतल्या नारळांची गोष्ट लिहून पाठवली. कोचने ती वर्गात वाचून दाखवली म्हणे.

प्रामला सगळ्यांनी माफ केलं. त्याला माफ करणं सोपं होतं. तो आला की लोक खुशाल हसायचे, कुणाला किती मिनिटं दिलीस रे यंदा, असं तोंडावर विचारायचे, आणि तोही हसायचा. पाकदे तर त्याला बोलावून घेऊ लागले.

वेनिंगला कुणी काही विचारलं नाही. तिचं स्वागत पूर्वीसारखंच व्हायचं, गालाला गाल लागायचे, ताटात मोठा तुकडा पडायचा. दोन महिन्यांनी बोयोलालीला एका पुतणीचं लग्न होतं. आदल्या दिवशी ती हातभार लावायला म्हणून गेली. मागच्या अंगणातून बायकांच्या हसण्याचा गलका येत होता, त्यात बुलिक रत्मींचा आवाज सगळ्यांच्या वर. ती कोपरा वळून आत आली आणि गलका थांबला. सगळ्याजणी सरकल्या, तिला मधोमध जागा करून दिली, हातात विळी दिली.

"बस पोरी," बुलिक म्हणाल्या. "आम्ही आपलं पावसाचंच बोलत होतो."

उन्हाळा ऐन भरात होता. महिनाभर आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. वेनिंगने विळी पुढे घेतली आणि म्हणाली, हो, यंदा पाऊस फारच झाला.